शरदचा जीवखडा

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाला घाबरवायचं नाही, आणि असल्या गोष्टीला तिखट-मीठ लावणाऱ्यांचा तर मला मनापासून तिटकारा आहे.

हे घडलं आहे. इंदूरला, स्नेहलतागंजमध्ये, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात.

अमावस्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. सकाळचे पावणेआठ वाजले होते, ऊन चटकायला लागलं होतं आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी होती.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते गजानन मास्तर आजही त्याच घरात राहतात. वय सदुसष्ट. त्यांनी समोर बसून मला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तीनदा उठून हात धुऊन आले.

मास्तरांचा स्वभाव आधी सांगायला हवा, कारण सगळं त्यातूनच झालं.

मास्तरांना किळस फार. बसचा दांडा धरतील तो रुमालाने. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पिणार नाहीत. शाळेत एखादं पोर वर्गात ओकलं, की पोराच्या आधी मास्तर वर्गाबाहेर! बायको गेल्यावर एकटेच राहायचे, आणि घर असं, की माशीनेही पाय पुसून आत यावं.

त्यांचा जिवलग मित्र नेमका उलटा. शरद नेवासकर.

भिंतीला भिंत लागून घर. एकाच वर्षीचा जन्म, एकच शाळा. शरद पुढे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागला. तिथे एकदा पेटीखाली उजव्या हाताची तर्जनी सापडली आणि अर्धी गेली. तो अर्ध्या बोटानेच लहान मुलांना गुदगुल्या करायचा, आणि पोरं खिदळायची.

सगळी गल्ली त्याला शरद भिया म्हणायची. कुणाचं लग्न असो की कुणाचं आजारपण, हा आधी हजर. रविवारी पातेलंभर पोहे करणार आणि जीरावन मसाला भुरभुरून दारोदार पोचवणार. घरात बायको इंदिरा, मुलगा यशवर्धन, सून सुरभी आणि सहा वर्षांची नात पलक. या सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय तो पाटावर बसायचा नाही. पहिला घास त्याने घेतलेला कुणी कधी पाहिला नाही.

नववीत मास्तरांना टायफॉइड झाला तेव्हा अठरा दिवस शरद उशाशी होता. एकदा भांडं हाताशी नव्हतं, तर त्याने उलटी चक्क ओंजळीत धरली.

"तुला घाण नाही वाटत?" मास्तरांनी विचारलं होतं.

"अरे गज्जू, घाण काय, धुतली की गेली. माणूस थोडाच टाकून द्यायचा असतो?"

आणि रोज दुपारी चारला शरद मधल्या भिंतीवर चमच्याने ठोकायचा. तीनदा.

ठक… ठक… ठक.

म्हणजे चहा झाला, ये.

असा माणूस मे महिन्यातल्या एका रविवारी पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता खाली बसला. तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे शोकसभा, झाला. आता आपल्या मराठी घरांतूनही उठावना होतो. हॉलमध्ये पांढरे कपडे, कूलरची हवा, माइकवर एकेक जण "नेवासकरजी देवता आदमी थे" म्हणत होता आणि मागच्या रांगेत लोक मोबाइलवर मॅच बघत होते. मास्तरांना त्या सगळ्याची शिसारी आली. पण बोलायला उठायची वेळ आली तेव्हा ते नुसते हात जोडून खाली बसले.

आता जीवखड्याचं सांगतो.

दहनाच्या वेळी ज्या दगडाने मडकं फोडतात, तो दगड दहा दिवस जपायचा असतो. गेलेल्याचा जीव तोवर त्या दगडापाशी असतो असं आपल्यात मानतात. रोज त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं, दहाव्या दिवशी पिंडदान झालं की तो नदीत सोडायचा. तोवर त्याला घरात न्यायचं नाही.

शरदच्या घराला अंगण नाही. दार उघडलं की रस्ता, आणि रस्त्यावर कुत्री. मास्तरांकडे चार हातांचं का होईना, अंगण आहे, त्यात कडुलिंब आहे.

"यश, माझ्याकडे ठेव," मास्तर म्हणाले. "मला त्याने जन्मभर सांभाळलं. दहा दिवस मी त्याला सांभाळतो."

पांडुरंग गुरुजींनी बजावलं, "मास्तर, ध्यान ठेवा हं. हरवला तर लोक दुसरा दगड घेऊन करतात, पण ते आपलं मनाचं समाधान. जीव असतो तो ह्याच्यातच."

शरदच्याच पंच्याच्या फडक्यात बांधून तो फांदीला टांगला. रोज सकाळी यश यायचा, खाली उतरवायचा, पाणी घालायचा, पुन्हा टांगून जायचा.

सातवा दिवस उजाडला.

मास्तर अंगणात आले आणि जागीच थांबले. फडक्यावर कावळे शिटले होते. एकदा नाही, सगळं फडकं भरलं होतं. पांढरं-हिरवं, ओलं. सहा दिवसांचं तिळाचं पाणी आत आंबलं होतं आणि गाठीतून मुंग्यांची रांग निघाली होती. वास तर असा, की मास्तरांनी नाकाला धोतराचा सोगा लावला.

शी!

यश यायच्या आत फडकं बदलावं म्हणून त्यांनी हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवली, पिशवीच्या आतूनच गाठोडं दोन बोटांत धरलं, पिशवी उलटवली आणि तोंड बांधलं. म्हणजे हात लागायला नको. पिशवी पायरीवर ठेवली. आधी हात धुऊ, मग नवं फडकं काढू.

हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले.

तेवढ्यात गाडीचं गाणं वाजलं.

इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ते गाणं कानावर पडलं की पाय आपोआप निघतात. मास्तरांनी एका हातात ओल्याचा हिरवा डबा घेतला, एका हातात सुक्याचा निळा. पायरीवर बांधलेली पिशवी दिसली. रोजच्या सवयीने ती निळ्या डब्यात गेली.

डबे गाडीत रिकामे झाले. गाडी गेली. मास्तरांनी डबे धुतले, हात धुतले आणि कपाटातून धुतलेलं फडकं घेऊन अंगणात आले.

पायरी रिकामी होती.

मास्तर तसेच स्कूटरवर बसले आणि विचारत विचारत, जिथे सुका कचरा उतरवतात तिथे पोचले. तिथली बाई भली होती. तिने ऐकून घेतलं आणि बोट दाखवलं.

"अंकल, आपकी गली का ढेर ये रहा. अभी-अभी उतरा है. ग्लव्ज पहन लो, मिल जाएगा."

ढीग कमरेइतकाच होता. अर्ध्या तासाचं काम.

मास्तरांनी हातमोजे घातले. वाकले. मेच्या उन्हात सगळं रटरटत होतं. नासक्या दुधाच्या पिशव्या, पोरांचे भरलेले डायपर, कुणाच्या तरी जखमेची पट्टी. सुका कचरा म्हणे! माणसं किती घाण असतात हे त्यांच्या डब्यांवरून कळावं. मास्तरांनी मनगटापर्यंत हात घातला. आत काहीतरी मऊ, कोमट लागलं.

त्यांनी हात उपसला आणि बाजूला जाऊन भडाभडा ओकले.

आणि तेव्हा…

ढिगाच्या आतून…

ठक… ठक… ठक.

"मी ऐकलं," मास्तर मला म्हणाले. "भ्रम नव्हता. तीनदा. अगदी तसंच."

"मग?"

मास्तर उठले, मोरीवर गेले, हात धुऊन आले.

"मग मी घरी निघून आलो."

एवढंच. ज्याने त्यांची उलटी ओंजळीत धरली, तो कमरेएवढ्या ढिगातून हाक मारत होता. आणि हे नाक दाबून निघून आले. मला राग आला, तुम्हालाही येईल. त्यांना स्वतःचा जेवढा येतो तेवढा मात्र कुणालाच येणार नाही.

घरी जाऊन यशला सांगायची छाती नव्हती. दुसरं कुणी उरलं नव्हतं त्यांना. तेवढंच एक घर होतं, तिथलंही दार बंद झालं तर जायचं कुठे?

वाटेत नदीकाठचं मुक्तिधाम, म्हणजे स्मशान, लागलं. पिंपळाखाली, हापशाजवळ, एक काळा गुळगुळीत दगड पडला होता. शरदच्या दगडाएवढाच. मास्तरांनी तो कागदात धरून उचलला. त्याला दोन-चार तीळ चिकटले होते. त्यांनी ते खरवडून टाकले, दगड घरी आणला, धुतला, नव्या फडक्यात बांधून फांदीला टांगला. यश आला तेव्हा कावळ्यांनी घाण केली म्हणून फडकं बदललं, एवढंच त्याला सांगितलं.

तीळ…

मास्तरांना तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. की लावून घ्यायचा नव्हता, देव जाणे.

दहाव्या दिवशी सगळे नदीवर गेले. कावळा शिवायला तास-तास लागतो, लोक हात जोडून विनवण्या करतात. इथे यशने पिंड अजून खाली टेकवलाही नव्हता, तोच कावळ्याने झडप घातली. अर्धा भात त्याने यशच्या हातातूनच ओरबाडला.

"बघा, किती तृप्त गेले!" बायका डोळे पुसत म्हणाल्या.

मास्तरांना मात्र ते खटकलं. शरदने कधी कुणाच्या आधी खाल्लं नव्हतं. आणि असं हिसकावून तर नाहीच नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले.

आणि शरदच्या घरात सुरू झालं…

पहिल्यांदा वास आला. ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा, आणि त्याच्या आत तंबाखूचा. शरदने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. पण वॉश बेसिनमध्ये रोज सकाळी तांबडी पिंक पडलेली असायची.

"काका, पाइप जुने झालेत. जंग उतरतो," यश म्हणाला.

मग शरदच्या खुर्चीचे हात चिकट लागायला लागले. रोज पुसायचे, रोज चिकट. भिंतीवर, खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे, तेलकट डाग पडला. रंग दिला तरी वर आला.

इंदिरावहिनी रोज नवऱ्याचं पान वाढून ठेवायच्या. तासाभराने पानाशेजारी चघळून टाकलेले गोळे सापडायचे. भाजीतला पाला, आमटीतलं आमसूल, सगळं लाळेत माखलेलं. मांजर असेल म्हणून दारं बंद केली. गोळे थांबले नाहीत.

आणि घरातले खुश!

हो, खुश. यश तर डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, "काका, बाबा इथेच आहेत. अपनको फील होता है. कल मेरे सिर पे हाथ रखा उन्होंने."

त्याच्या केसांत काहीतरी वाळून चिकटलं होतं. मास्तरांनी मान फिरवली.

पण खरा घाव घातला तो पलकने. एका दुपारी ती धावत मास्तरांकडे आली.

"गज्जू आजोबा, मज्जा माहितेय? आबांचं बोट परत आलं!"

"कुठलं बोट?"

"अरे, तुटलेलं! आता पूरं आहे. मी गिनलं. पर नाखून बहुत गंदे हैं. त्यांनी माझ्या तोंडात घास दिला ना, तर मला उलटी आली."



तेव्हा त्यांना ते तीळ आठवले. कुणीतरी तीळ वाहिलेला दगड. नदीत न सोडता, पिंपळाखाली तसाच टाकून दिलेला. कुणाचा तरी जीवखडा होता तो. शरदच्या नावाने वाढलेलं सगळं भलत्याच कुणीतरी घेतलं होतं, आणि आता तो शरदच्या खुर्चीत बसून शरदच्या नातीला भरवत होता.

मग शरद कुठे होता?

त्याच दिवशी दुपारी चारला मधल्या भिंतीतून आवाज आला. ठक-ठक नव्हे. पलीकडून कुणीतरी नखं घासत होतं. सावकाश, वरून खाली. मास्तर कानात बोटं घालून अंगणात पळाले.

अंगणात निळा डबा होता. सकाळीच धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेला. झाकण लावलेलं.

झाकणाच्या आतून…

ठक… ठक… ठक.

मास्तरांनी काठीने झाकण उडवलं. डबा रिकामा होता. स्वच्छ होता. पण त्या ढिगाचा वास भपकन बाहेर आला. तोच, रटरटलेला.

दुसऱ्या दिवशी यश ऑफिसात, सुरभी पलकला घेऊन माहेरी, असं बघून मास्तर शेजारी गेले. इंदिरावहिनी बेसिन घासत होत्या. मास्तरांनी उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. फडकं, पिशवी, ढीग, हापशाजवळचा दगड. काही लपवलं नाही. वहिनींचा हात थांबला नाही.

"मला माहितेय, भावजी, हे ते नाहीत," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तेराव्यापासून. मी पान वाढलं आणि वाकलेली उठायच्या आत पानात हात पडला. चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याआधी घास नाही घेतला."

"मग घालवत का नाही त्याला?"

"गुरुजींना विचारलं, आपलं नाव न घेता. म्हणाले, पाठवायचं तर नाव लागतं, गोत्र लागतं." वहिनींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "ह्याचं नाव काय आहे, भावजी? तुम्हीच आणलात ना घरात?"



"यशला सांगू?" ते कसंबसं म्हणाले.

"काय सांगणार? की महिनाभर ज्याला बाबा म्हणालास, पोरीला ज्याच्या पाया पडवलंस, तो कोण कुठला, आम्हालाच माहीत नाही? त्याच्या डोक्यावर हात फिरतो तेव्हा रडतो हो तो. राहू द्या. मी पुसत जाईन. पलकला मात्र आता इथे आणायची नाही, सुरभीला सांगितलंय मी." त्यांनी पिंक पाण्याने सारली. "मला फक्त एवढं सांगा. माझे हे कुठे आहेत?"

मास्तरांनी तोंड उघडलं…

आणि आतल्या खोलीतून, रिकाम्या खुर्चीतून, एक लांबलचक, भरल्या पोटाची ढेकर आली.

तंबाखूच्या वासासकट.

मास्तर तिथून निघाले ते अजून त्या घरात गेले नाहीत.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पलक आणि तिची आई बहुतेक आजोळीच असतात. यश एकटाच दोन्हीकडे येऊन-जाऊन असतो. आणि गजानन मास्तर रोज सकाळी गाडीपाशी उभे राहून गल्लीचा सुका कचरा उघड्या हातांनी चाळतात. हातमोजे नाहीत, रुमाल नाही. गल्ली म्हणते, मास्तर सटक गए. गाडीवाले बिचारे दोन मिनिटं थांबतात.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चार वाजायचे होते. हे सगळं सांगून झालं आणि मी विचारलं, "मास्तर, आता तर तुम्हाला घाण वाटत नाही. मग हात सारखे का धुता?"

मास्तर घड्याळाकडे बघत राहिले.

चार वाजले.

ठक… ठक… ठक.

अंगणातून. मी माझ्या कानांनी ऐकलं.

मास्तर उठले. निळ्या डब्याचं झाकण काढलं, बाही वर केली आणि रिकाम्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. थोडा वेळ तसेच वाकून राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. मग अंग शहारलं, ओठ वाकडे झाले, आणि त्यांनी हिसका देऊन हात बाहेर ओढला.

मोरीवर ते बराच वेळ हात घासत होते.

"आत कुणी असतं का?" मी विचारलं.

"हात धरतो माझा. रोज." मास्तर पाठमोरेच म्हणाले. "अर्धं बोट लागतं मला. शरदच आहे. त्याला ओढून बाहेर काढायचं असतं, बस्स, एवढंच. पण तो हात इतका… इतका लिबलिबीत झालाय रे…"

त्यांनी साबण पुन्हा उचलला.

"मी रोज ठरवतो, आज सोडायचा नाही. आणि रोज सोडवून घेतो."